सेंद्रिय बाटलीत वाऱ्याचा वाटा

फ्रान्सच्या दक्षिण रोन खोऱ्यातल्या पेरँ घराण्याची 'नात्यूर' नावाची एक रेड वाइन आहे. ग्रनाश आणि सिरा या द्राक्षांचं मिश्रण, 'कोत द्यु रोन' या नावाखाली विकलं जाणारं, सेंद्रिय प्रमाणित. मी ल्योंला राहतो. इथल्या वाइनच्या दुकानात ती साधारण दहा-बारा युरोंना मिळते. बाहेर एकट्याने दुपारचं जेवायचं म्हटलं तर त्याहून जास्त लागतात.

एवढ्या स्वस्त वाइनवर लांबलचक लिहायची पद्धत नाही. ऐंशी युरोंच्या बाटलीवर लोक पानंच्या पानं लिहितात. दहाच्या बाटलीला अॅपवर तारे देतात, 'व्हॅल्यू फॉर मनी' असं टाकतात आणि विषय संपतो. पण आपल्यातले बहुतेक जण पितात ती दहावालीच, आणि तिच्या लेबलवरचा एकेक शब्द काहीतरी विकत असतो. त्या शब्दांवर विश्वास किती ठेवायचा, हा मला आस्थेचा प्रश्न वाटतो. आस्थेचं कारण घरचं आहे. आमची तासगावला द्राक्षबाग आहे आणि ती सेंद्रिय नाही.

आधी चव, कारण समीक्षा म्हणून आलात तर तेवढं तरी पदरात पडलं पाहिजे. ग्लासात ओतली की रंग गडद जांभळट लाल. वास पहिल्यांदा काळ्या फळांचा. इथले लोक चेरी म्हणतात, मला पिकून मऊ झालेली करवंदं आठवतात. मग ताज्या कुटलेल्या मिरीचा झणका, तो सिराचा. आणि मागून काहीतरी वाळलेल्या रानपाल्यासारखं. दक्षिण फ्रान्सच्या खडकाळ माळावर थाइम, रोजमेरी अशी झुडपं वाढतात, त्या सगळ्या झाडोऱ्याला इथे 'गारिग' म्हणतात. वाइनच्या वर्णनात हा शब्द इतका घासलाय की वैताग येतो, पण उन्हाळ्यात त्या भागात एकदा चालून आलात की तो वास नाकात बसतो आणि शब्द माफ करावा लागतो.

तोंडात गेल्यावर फळ आधी, गोलाई नंतर, तुरटपणा शेवटी. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन. जांभूळ खाल्ल्यावर हिरड्यांना जे होतं, त्याची सौम्य आवृत्ती. आंबटपणा पुरेसा आहे, म्हणून जेवणाबरोबर चालते. अल्कोहोल ग्रनाशच्या स्वभावाप्रमाणे चढं. खोली गरम असेल तर घशाशी उष्ण लागतं आणि फळ जॅमसारखं चिकट होतं. म्हणून आधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा सल्ला जुन्या दगडी घरांमधल्या खोल्यांसाठी होता, तुमच्या टू बीएचकेसाठी नाही.

कमी कुठे पडते? शेवटाला. घोट गेल्यावर चव पटकन आटोपते. आणि मधल्या भागात ती जरा जास्तच शहाणी आहे. कुठलाच कोपरा टोचत नाही. मिश्रणाची वाइन बनवणाऱ्याचं कौशल्य कोपरे घासण्यात असतं हे खरं. ग्रनाशला हवा लागली की ती लवकर थकते, रंगही फिका पडतो. सिरा गडद, घट्ट, हवेपासून राखून ठेवली तर कुबट होणारी. दोघी एकमेकींची उणीव झाकतात. ही जोडी दक्षिण रोनमध्ये इतकी रुळलेली आहे की आमच्या भाषेत तिला डिफॉल्ट सेटिंग म्हणता येईल. पण झाकता झाकता दोघींचा हट्टही थोडा झाकला गेलाय. तरीही रोजच्या जेवणाला याच किमतीत याहून वाईट बाटल्या मी खूप प्यायलोय.

आता लेबलकडे येऊ. त्यावर तीन शब्द काम करतात: घराण्याचं नाव, 'नात्यूर' आणि सेंद्रिय.

'फामीय पेरँ', म्हणजे पेरँ कुटुंब. कुटुंबाची वायनरी म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते टोपली घेतलेली आजी, कुत्रा आणि एक जुना ट्रॅक्टर. पेरँ हे त्या चित्रात मावणारं घर नाही. १९०९ साली प्येर त्रामिये यांनी शातोनफ-द्यु-पाप जवळचा बोकास्तेलचा मळा घेतला, तो जावई प्येर पेरँ यांच्याकडे आणि पुढे त्यांचा मुलगा जाक पेरँ यांच्याकडे आला. आज पाचवी पिढी कारभारात आहे. कोंबडा-कोंबडीचं चित्र असलेली, जगभरच्या सुपरमार्केटांत दिसणारी 'ला व्येय फेर्म' यांचीच. ब्रॅड पिट आणि अँजेलिना जोली यांच्या मिरावाल मळ्यातली रोझे २०१२ पासून बनवायला घेतली तीही यांनीच. कुटुंब आहे, पण ते उद्योगसमूह म्हणावं इतकं पसरलेलं आहे.

यात वाईट काही नाही. उलट बाटली दहा युरोंना पडते त्यामागे हा पसारा आहे. बाटल्या, बुचं, ट्रक, विक्रीची माणसं हा सगळा खर्च लाखो बाटल्यांवर विभागला जातो. फक्त एक बारकावा वाचता यायला हवा. फ्रान्समध्ये 'शातो' किंवा 'दोमेन' हा शब्द लेबलवर लावायचा तर द्राक्षं त्याच मळ्यातली असावी लागतात. या बाटलीवर कुटुंबाचं नाव आहे, मळ्याचं नाही. पहिला शब्द ओळख देतो आणि जमिनीचा पत्ता मोघम ठेवतो.

'नात्यूर' हा शब्द मला जास्त खटकतो. फ्रान्समध्ये 'व्हँ नात्यूर' म्हणजे काही वेगळीच गोष्ट: सेंद्रिय द्राक्षं, आणि तळघरातही बाहेरून जवळजवळ काही न घालता बनवलेली वाइन. ल्योंच्या बारमध्ये माझ्या वयाची पोरं तीच मागतात, गढूळ असली तर जास्तच आवडीने. २०२० मध्ये तिच्यासाठी 'व्हँ मेतोद नात्यूर' अशी वेगळी सनदही आली. सल्फाइट घातलंच तर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, असा तिचा नियम. पेरँची बाटली ही ती वाइन नाही. ती सेंद्रिय आहे, नेटकी गाळलेली आहे, नेहमीच्या पद्धतीची आहे. कायद्याने यात चूक नाही. पण घाईत शेल्फवर हात घालणाऱ्याच्या मनात दोन शब्द एकमेकांत मिसळणार, आणि त्या मिसळण्याचा तोटा विकणाऱ्याला होणार नाही.

राहिला तिसरा शब्द, सेंद्रिय. इथे मला थांबायचंय.

युरोपात वाइनच्या बाबतीत हा शब्द वाटतो त्यापेक्षा नवा आहे. २०१२ च्या आधी लेबलवर फक्त 'सेंद्रिय द्राक्षांपासून बनवलेली वाइन' असं लिहिता यायचं, कारण तळघरात काय चालतं यावर नियमच नव्हते. २०१२ मध्ये ते आले आणि 'सेंद्रिय वाइन' हा शब्द वैध झाला. कोरड्या रेडमध्ये एकूण सल्फाइट लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. साध्या वाइनला ही मर्यादा १५० आहे. बागेत तीन वर्षं संक्रमणाची काढावी लागतात. कृत्रिम बुरशीनाशकं, तणनाशकं बंद. मग रोग आला तर काय मारायचं? भुरीला गंधक. आणि डावणीला तांबं.

तांबं म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण. तासगाव-निफाडच्या पट्ट्यातल्या कुठल्याही पोराला बोर्डो म्हणजे वाइनचं शहर आहे हे नंतर कळतं, आधी कळतं ते निळं पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या पिंपांत कालवायचे, एकत्र करायचे, मग त्यात विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. हे मिश्रण खरोखर बोर्डोचंच. तिथल्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून निळसर लगदा शिंपडायचे. त्या वेलींना डावणी येत नाही, हे प्येर-मारी-अलेक्सी मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. आज सेंद्रिय शेतीत डावणीविरुद्धचं मुख्य हत्यार तेच आहे. म्हणजे 'सेंद्रिय' बागेत फवारणी होत नाही हा समज खरा नाही. फवारणी होते, औषधं बदलतात.

तांबं हा जड धातू आहे. तो जमिनीत साठतो, गांडुळांना सोसत नाही. म्हणून युरोपीय संघाने मर्यादा घातली आहे: सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, सरासरी वर्षाला ४. हा आकडा वाचून मी आमच्या हिशेबात बदलला. एकरी साधारण १.६ किलो तांबं. मोरचुदात तांबं असतं चौथा हिस्सा, म्हणजे एकरी साडेसहा किलोच्या आत मोरचूद, वर्षभरासाठी. एक टक्क्याचं मिश्रण एकराला ४०० लिटर धरलं तर एका फवारणीत चार किलो जातात. दोन फवारण्याही पुऱ्या होत नाहीत. इथले बागायतदार म्हणून एका वेळी हेक्टरी काही शे ग्रॅम तांबं एवढीच मात्रा वापरतात. तांबं पानात शिरत नाही, वर नुसतं बसतं. वीस-पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला की धुऊन जातं आणि पुन्हा मारावं लागतं.

म्हणजे पाऊस कमी वेळा यायला हवा, आणि आला तर पान लवकर सुकायला हवं, कारण डावणीच्या बीजाणूला आत शिरायला पानावर काही तास पाणी लागतं.

मिस्त्राल हे काम करतो. हा रोनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून दक्षिणेला सुटणारा थंड, कोरडा वारा. तासाला नव्वद-शंभर किलोमीटर हे त्याच्यासाठी रोजचं काम. जुन्या घरांना उत्तरेच्या भिंतीत खिडक्या नाहीत किंवा अगदी बारक्या आहेत. शेताच्या कडेला सायप्रसच्या रांगा भिंतीसारख्या उभ्या. ग्रनाश जमिनीलगत झुडपासारखी ठेवतात, आधाराशिवाय. सिराचे फुटवे वाऱ्यात मोडतात म्हणून तिला तारा लागतात. मी मे महिन्यात ओरांजजवळच्या बागांमधून हिंडलो होतो. रात्री पाऊस झाला होता. सकाळी मिस्त्राल सुटला, टोपी उडाली, डोळ्यांत धूळ गेली. दहाच्या सुमाराला वेलीच्या आतल्या पानांना हात लावून बघितला. कोरडी ठणठणीत.

तिथूनच पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना आवाज धड ऐकू येईना, सगळा वाऱ्याचाच. बागेचं दृश्य मात्र त्यांनी नीट बघितलं. म्हणाले, "मांडव न्हाई, काय न्हाई. आन एवढ्या वाऱ्यात डावणी कशी येईल?" मग थोड्या वेळाने, "आपल्याकडं ऑक्टोबरात असला वारा दे म्हणावं. मी बी सेंद्रियच करतो."

हे वाक्य मला वाइनवरच्या पुष्कळ समीक्षांपेक्षा नेमकं वाटतं. आमच्याकडे एकूण पाऊस ओरांजपेक्षा जास्त नसतो, तासगावचा पूर्वेकडचा भाग तर दुष्काळीच. पण आमची फळछाटणी ऑक्टोबरच्या आगेमागे असते, आणि कोवळी फूट, फुलोरा या नाजूक अवस्थेत अवकाळी येतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो आला तसा आला की घड कुजतात, डावणी पसरते. बोर्डो मारून वर ढग तसेच असतात. अशा वेळी कर्ज काढून उभी केलेली बाग वाचवायची की शब्द वाचवायचा, हा प्रश्न बागायतदाराला पडतच नाही. युरोपचे नियम आमच्या घरात सेंद्रियच्या रूपाने आलेही नाहीत. ते आले अंशतपासणीच्या रूपाने. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, तेव्हा मी शाळेत होतो. घरात त्या वर्षी लिहोसीन हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा.

ऑफिसात एका सहकाऱ्याला आमच्या बागेबद्दल सांगितलं तर त्याने लगेच विचारलं, "बिओ?" 'नाही' म्हटल्यावर चेहऱ्यावर जे हलकंसं ओशाळलेपण येतं, ते मी ओळखतो. त्याच्या डोक्यात सेंद्रिय हा स्वभाव आहे. प्रामाणिक माणूस सेंद्रिय करतो, लोभी माणूस औषधं मारतो. वाइनची समीक्षाही बहुतेक वेळा हेच गृहीत धरून लिहिली जाते. घराण्याची निष्ठा, जमिनीवरचं प्रेम, पिढ्यांचा वारसा. वाऱ्याला श्रेय देणारा परिच्छेद क्वचित येतो, आणि आला तरी निसर्गवर्णन म्हणून.

आता दुसरी बाजू. सगळं वाऱ्यानेच केलं असं म्हटलं तर पेरँवर अन्याय होईल. जाक पेरँ यांनी बोकास्तेलचा मळा सेंद्रिय केला तो १९५० मध्ये, आणि १९७४ मध्ये बायोडायनॅमिक. १९५० साली हा शब्द बाटली विकत नव्हता. युरोपभर रासायनिक शेतीचा उत्साह होता, आणि शेजारच्या बागायतदारांच्या बागांवरूनही तोच मिस्त्राल वाहत होता. त्यांनी केलं नाही, यांनी केलं. सल्फर कमी लागावं म्हणून जाक पेरँ यांनी द्राक्षं आंबवण्याआधी त्यांच्या साली क्षणभर ८० अंशांपर्यंत तापवून लगेच थंड करायची पद्धतही बसवली. हा माणूस चिवट होता. वारा सगळ्यांना मिळतो, त्याचं काय करायचं हे माणूस ठरवतो, एवढं मान्य.

आणि वारा दगा देतो तेव्हा? २०१८ च्या वसंतात दक्षिण रोनमध्ये पाऊस थांबेना. उष्णता आणि ओल एकत्र आली आणि जिथे डावणीची सवय नव्हती तिथे ती फोफावली. ग्रनाश तिला फार लवकर बळी पडते. सेंद्रिय बागांचं नुकसान जास्त झालं. काहींचं बरंचसं पीक गेलं. त्या वर्षी तिथल्या सेंद्रिय बागायतदारांनी जे अनुभवलं ते आमच्याकडे दर काही वर्षांनी येतं. फरक इतकाच की मोठ्या घराण्याच्या नावाखाली निघणाऱ्या मिश्रणाला अशा वर्षी तग धरता येतो, इकडचं थोडं तिकडचं थोडं घेऊन. पाच हेक्टरवाल्याकडे 'तिकडचं' नसतं. स्वस्त, सेंद्रिय आणि दरवर्षी शेल्फवर हजर, या तीन गोष्टी एकत्र जमायला लागतं ते मोठं घर आणि कोरडा प्रदेश. लहान कुटुंबाच्या ओलसर बागेतून ही बाटली या किमतीला निघणार नाही, आणि तिथे 'कुटुंब' हा शब्द कितीतरी जास्त खरा असेल.

फ्रान्समधल्या द्राक्षक्षेत्राचा साधारण पाचवा हिस्सा आता सेंद्रिय आहे, आणि भूमध्य समुद्राकडचा कोरडा दक्षिण भाग त्यात पुढे आहे. नकाशा बघून वाटतं की दक्षिणेकडची माणसं जास्त सज्जन असावीत.

मग ही वाइन घ्यावी का? घ्यावी. नावापेक्षा ती चांगली आहे. दोन-तीन वर्षांच्या आत प्यावी, ठेवून देण्यात फायदा नाही. उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी मिरीचा वास जरा मोकळा होतो आणि मला तर ती तेव्हाच जास्त आवडते. कोकराचं मटण, वांगं, राजमा, सगळ्यांबरोबर जमते. आमच्या तांबड्या रश्शाबरोबर मात्र नको. तिखटाने तिचं अल्कोहोल पेटतं आणि फळ गायब होतं.

आणि जमलं तर तिच्या शेजारी बोर्डोकडची एक सेंद्रिय रेडही घेऊन बघा. तिथे अटलांटिकवरून ओल येते, वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मी गेल्या महिन्यात एका छोट्या मळ्याची घेतली, सतरा युरोंना. मेर्लो जास्त असलेली, पातळ, जरा कडवट, पेरँच्या बाटलीइतकी गोजिरी नक्कीच नाही. लेबलवर सेंद्रियचं तेच हिरवं पान होतं, त्याच आकाराचं. पप्पांना फोटो पाठवला आणि तिथला पाऊस किती ते लिहिलं. त्यांचं उत्तर आलं ते वाइनबद्दल नव्हतं. किती फवारण्या बसल्या, एवढंच त्यांनी विचारलं होतं.